रीत दाखवावी

विसावा नाक्याजवळ रिक्षा अडकली होती. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर वळत होता आणि त्याचं वळण काही केल्या संपत नव्हतं. पाण्याची बाटली गळतेय का ते बघायला मंगलने पोरीचं दप्तर मांडीवर ओढलं आणि हाताला लागली ती गणिताची वही. सहज उघडली. रोज वह्या बघणाऱ्यांतली ती आई नव्हती. दिवसभर कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत कापलेली बोटं बांधायची, कुणाच्या डोळ्यात उडालेला लोखंडाचा कीस काढायचा. एवढं करून आल्यावर वह्यांसाठी डोळे उरत नसत. पानावर दहा गणितं होती. प्रत्येकापुढे नंदूच्या गोल अक्षरात एकेक आकडा, बस्स. आणि प्रत्येक आकड्याशेजारी लाल शाईत एकच शब्द, "रीत?" दहा वेळा रीत, दहा वेळा प्रश्नचिन्ह. खाली दहापैकी शून्य, त्याला आणखी एक गोल, जणू शून्य पळून जाणार होतं. त्याखाली, "उत्तरे कोणाची? पालकांनी भेटावे." इथवर ठीक होतं. चौथीतल्या पोरांच्या वहीत असली वाक्यं यायचीच. पण त्या लाल वाक्याखाली नंदूने पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, मॅडमना उत्तर दिलं होतं. "कोणाची नाहीत. आली."

मंगलने वही मिटली. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "ताई, आत सरका की, ऊन लागतंय." ती सरकली नाही. ऊन मांडीवरच्या वहीवर पडून राहिलं.

नंदू शेजारी बसून ट्रॉलीतले ऊस बघत होती. शाळेतलं नाव राजनंदिनी, वय नऊ, पुढचा एक दात अर्धा आलेला. "हे काय लिहून ठेवलंस मॅडमना?" मंगलने विचारलं. "त्यांनी विचारलं होतं," नंदू म्हणाली. "आली म्हणजे?" "आली म्हणजे आली. शिंक येते तशी." एवढं सांगून ती परत उसाकडे वळली. पोरीने उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं, मंगलला वाटलं. उद्धटपणावर औषध असतं. ही तर विचारल्याचं खरं खरं उत्तर देऊन मोकळी झाली होती. आणि हाच शब्द सहा वर्षांपूर्वी कराडच्या एका दवाखान्यात, काचेच्या टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरांना तिने सांगितला होता. आला, सर. आकडा आला.

मंगल तिथे नर्स होती आणि हरिबा नावाचा सत्तरीचा म्हातारा तिचा पेशंट, पूर्वेकडच्या कोरड्या भागातून आणलेला, धापेने बेजार, हृदय फुगलेलं. अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली त्याच्या अंगात आठ तासांत, सावकाश जायला हवी होती. मिनिटाला किती थेंब सोडायचे याचा हिशेब बाकीच्या सिस्टर कागदाच्या कपट्यावर करायच्या, गुणायच्या, भागायच्या, खोडायच्या. मंगलला तसं कधी लागलंच नाही. बाटली किती आणि तास किती एवढं डोळ्यांखालून गेलं की आकडा आपोआप वर यायचा. सोळा. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नळीवरचं चाक फिरवायचं, थेंब मोजायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचं. "मंगल असली की कॅल्क्युलेटरला सुट्टी," असं सगळे म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं, का आवडू नये? त्या दुपारी शेजारच्या खाटेवरच्या पोराची तेवढीच बाटली चार तासांत जायची होती. तिथला आकडा एकतीस. बारा वाजून दहा मिनिटांनी तिने दोन्ही बाटल्या लावल्या, कागदावर वेळ टाकली, सही केली. चारच्या सुमाराला हरिबाची बाटली रिकामी होती आणि त्याच्या छातीत पाणी वाजत होतं. दिवेलागणीला तो गेला.

चाक आपोआप ढिलं झालं असेल. होतं तसं. नातेवाईकही कधी कधी चाक फिरवतात, लवकर संपली म्हणजे लवकर घरी जाता येईल अशा भाबड्या हिशेबाने. हरिबाची बायको सुलाबाई खाटेच्या पायथ्याशी दिवसभर बसून होती. म्हातारा तसाही जाणारच असेल. किंवा मंगलच्या डोक्यात त्या क्षणी शेजारच्या खाटेचा आकडा वर आला असेल. डॉक्टरांनी विचारलं, "थेंब किती ठेवले होतेस?" "सोळा." "कुठे लिहिलंय?" "लिहिलं नाही, सर." "मग सोळा कशावरून?" तेव्हा ती म्हणाली, "आला, सर. आकडा आला." डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते बराच वेळ कपाळ चोळत बसले आणि मग म्हणाले, "उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू गं? तुझं डोकं?" पण विचारायला कुणी आलंच नाही, आणि तेच मंगलला आजवर सोसत नाही. सुलाबाईने तर जाताना तिचा हात हातात घेतला होता. "बाई, तुमी लय केलंसा. त्येचीच येळ भरली हुती." त्या म्हातारीचा हात खरखरीत आणि कोमट होता. महिना संपल्यावर मंगलने नोकरी सोडली. म्हणजे सोडलेली बरी, असं तिला सांगण्यात आलं.

तेव्हापासून ती त्या दुपारी परत जायला बघते आणि जाता येत नाही. कपट्यावर गुणाकार असता, चुकलेला का असेना, तर त्याचं बोट धरून मागे जाता आलं असतं: इथे शून्य राहिलं, इथे भागाकार घसरला. रडता तरी आलं असतं एका जागी बसून. कपटाच नाही. सुरुवातीला तिला सोळा स्वच्छ आठवायचा. आता तिला सोळा आठवतो की डॉक्टरांपुढे सोळा म्हटलेलं आठवतं, हेसुद्धा सांगता येत नाही. कारखान्यात ती पट्ट्यांची खोकी मोजतानाही मोबाईल काढते, आकडे दाबते, पुन्हा दाबते. आतून काही वर यायला लागलं की ते दाबून टाकायची तिला सवय झालीय. आणि आता हे आतून वर येणारं पोरीत उतरलं होतं. लोकांच्या पोरी आईचं नाक घेतात, केस घेतात.

खरं तर ते मंगलचंही नव्हतं, तिच्या बापाचं होतं. बिराप्पा जतच्या बाजूला मेंढरं राखायचा आणि मेंढरं कधी मोजायचा नाही; मोजली की दृष्ट लागते, अशी त्यांच्यात समजूत. संध्याकाळी कळप जाळीच्या वाघरात शिरताना तो तोंडात काडी धरून बाजूला उभा राहायचा, नुसता बघायचा आणि म्हणायचा, "दोन कमी हायत. एक ती कानफाटी, आन एक तिचं." मग कुणीतरी बॅटरी घेऊन ओढ्याकडे जायचं आणि कानफाटी मेंढी कोकराला चाटत तिथे उभी असायची. तिचा बापू कधी चुकला नाही. निदान तो चुकल्याचं मंगलला आठवत नाही. त्याला कधी कुणी विचारलं नाही, कशावरून म्हणतोस. मंगल त्याच्यामागून पाढे म्हणत चालायची; पुढे पाढे गळून पडले आणि नुसती उत्तरंच राहिली. गावच्या मास्तरांना तिच्या उत्तरांचं कौतुक होतं. पाव्हणे आले की तिला उभं करून आकडे विचारायचे आणि ती उत्तर देई तेव्हा बापूकडे बघायचे, तो लाजून खाली बघायचा. मिरजेला नर्सिंगला गेली तेव्हाही तिला हेच वाटलं होतं, की आपल्याला एक जास्तीची गोष्ट मिळालीय. जास्तीची गोष्ट कुठे ठेवावी हे मात्र घरात कुणाला माहीत नव्हतं.

गोडोलीतल्या खोलीवर पोचल्यावर चहासुद्धा न टाकता तिने नंदूला वही घेऊन समोर बसवलं. पहिलंच गणित, एका पेटीत छत्तीस आंबे, तर पंचवीस पेट्यांत किती? त्यापुढे नंदूने नऊशे लिहिलं होतं. "कसे आले नऊशे?" नंदूने पाय हलवले. मग आईचा चेहरा बघून, जरा घाईने, म्हणाली, "हे बघ, पेट्या पंचवीस ना? चार वेळा पंचवीस म्हणजे शंभर. मग छत्तीसच्या चार-चारच्या टोळ्या केल्या. नऊ टोळ्या झाल्या. झाले की नऊशे." बोलता बोलता तिचा चेहरा उजळत गेला, आणि मंगलच्या आतही, किती दिवसांनी, काहीतरी टुणकन उभं राहिलं. तिनेसुद्धा नऊशे असेच बघितले होते, टोळ्याटोळ्यांनी, नंदू बोलायच्या आधी. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. पोरीला उचलून घ्यावं असं मंगलला वाटलं. तिने उचलून घेतलं नाही. ती म्हणाली, "मग हेच लिही की वहीत."

"एकदा लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, ही पुस्तकातली रीत नाही, कुणी शिकवली?"

"मग पुस्तकातली लिही."

"उत्तर वरच्या मजल्यावर दिसतंय, मी तिथंच उभी आहे, आणि परत खाली जाऊन जिना चढून दाखवायचा. कशाला?"

"चढायचा!" मंगल एकदम ओरडली. "सांगितलंय तर चढायचा. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवशील? डोकं?" डॉक्टरांचं ते वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडलेलं तिने ऐकलं. नंदूने मान खाली घातली आणि मांडायला सुरुवात केली. छत्तीस, खाली पंचवीस, पाच सक तीस, हातचे तीन. पेन्सिल इतकी दाबून धरलेली की टोक मोडलं. दुसरं काढलं, तेही मोडलं. चौथ्या गणिताला पानावर थेंब पडायला लागले आणि मंगल ते थेंब बघत बसली. तिला राग आला नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि आईची भीती पोरांना रागासारखीच दिसते.

रविराजचा फोन आला. तो कोइमतूरला गलाईच्या दुकानात होता, सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात. त्यांच्या गावची निम्मी माणसं याच धंद्यात देशभर पांगलेली. सगळं ऐकून तो हसला. "आगं, लय भारी हाय की पोरगी! मॅडमना सरळ सांग, डोस्क्यात करती म्हनून. खरं सांगायला भ्यायचं कशाला?" आणि लगेच म्हणाला, "आमी बी नुसत्या रंगावरनं सोनं वळकतो. पर गिऱ्हाइकापुढं कसोटी लावायचीच. त्येचा आपल्या डोळ्यावर भरोसा कसा बसंल?" एका दमात दोन्ही बाजूंनी बोलून त्याने फोन ठेवला. हरिबाबद्दल त्याला माहीत होतं ते एवढंच, की म्हातारा होता, गेला आणि मंगलचं त्या दवाखान्यात मन लागेना.

गुरुवारी मंगल अर्धी रजा टाकून शाळेत गेली. पूजा मॅडम लहानखुऱ्या, सर्दीने नाक लाल झालेलं, टेबलावर बेचाळीस वह्यांची चळत. त्यांच्याशी भांडावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं, याचं मंगलला दुःखच झालं. "बसा ना," त्या म्हणाल्या. "अहो, परीक्षेत एका गणिताच्या मांडणीला एक गुण, रीतीला दोन, उत्तराला एक. मी काही घरचे नियम लावत नाही. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर मला तीन देता येतात. हिला मी काय देऊ? मूल कुठं अडतं ते मला रीतीतूनच कळतं. ही अडतच नाही म्हटल्यावर मी हिला शिकवायचं काय?" शेवटचं वाक्य त्या मनापासून बोलल्या. मंगलने मान हलवली. नंदू दाराशी, फळ्याच्या कडेला टेकून उभी होती, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. मॅडमनी नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. "रागावू नका, पण हल्ली मोबाईलवर सगळं मिळतं. मला फक्त खरं काय ते कळू दे. राजनंदिनी, बाळा, इकडे ये. कशी आली ही उत्तरं?"

नंदूने मॅडमकडे बघितलं, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. "आईला माहितीये," ती म्हणाली.

मंगलला माहीत होतं. साऱ्या जगात कुणाला माहीत असेल तर तिलाच. सांगायचं होतं एवढंच, की होय मॅडम, येतात तिला, आतून येतात, मी बघितलंय, मलाही यायची. वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते तयार होतानाच तिला पुढचा प्रश्न ऐकू आला, काचेच्या टेबलापलीकडून आलेला, येतात म्हणजे? कशावरून? आणि त्या प्रश्नापुढे उभी असलेली नऊ वर्षांची नंदू नव्हती, तिशीतली होती, पांढऱ्या कपड्यांत, हात रिकामे, आणि पलीकडे कुणीतरी आयुष्यभर कपाळ चोळत बसलेलं. पोरीला तिथे जाऊ द्यायचं नाही. एवढं एकच तिला कळलं. दाखवता येईल असं, कुणालाही पटेल असं एक कारण हवं होतं आणि ते हाताशीच होतं.

"मीच सांगते तिला उत्तरं," मंगल म्हणाली. "कामावरून दमून येते, मॅडम. रीत करून घ्यायला वेळ नसतो. चुकलंच माझं."

पूजा मॅडमचा चेहरा सैल झाला. त्यांना बरं वाटलं हे दिसतच होतं. "असंच असतं हो. मी ओळखलंच होतं. आता नका सांगत जाऊ, तिचं तिला करू दे." त्यांनी नंदूच्या डोक्यावरून हात फिरवला. नंदू आईकडे बघत होती. रडू नाही, राग नाही. बिराप्पा कळपाकडे बघायचा तशी ती नुसती बघत होती, कोण कमी आहे ते.

पोवई नाक्यापर्यंत दोघी चालत आल्या. नंदू एक पाऊल मागून. मंगलने तिच्यासाठी भेळ घेतली, तिने ती सगळी खाल्ली, कागद चुरगळून डब्यात टाकला. वाटभर मंगल मनात उत्तर जुळवत होती: खोटं का बोललीस, असं पोर विचारेल, मग तिला जवळ घ्यायचं, हरिबाबद्दल सांगायचं, लहान पोरीला कळेल एवढंच सांगायचं. पुलाखालून जाताना सांगू, बसस्टॉपवर सांगू, घरी गेल्यावर सांगू. नंदूने विचारलंच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मंगलला जमलं नाही, आणि तो दिवस निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नंदू आपणहून वही घेऊन बसली. पेन्सिलीला टोक काढलं, खोडरबर उजवीकडे ठेवला, गणित मोठ्याने वाचलं आणि थांबली. मंगल कणीक मळत होती. "कर की," ती म्हणाली. "सांग," नंदू म्हणाली. "काय सांगू?" "उत्तर. तू सांगतेस ना." मंगलला आधी हसू आलं, मग तिने डोळे वटारले, मग पिठाच्या हातांनीच तिच्यासमोर बसून तिला समजावलं, दटावलं, गोंजारलं. नंदू सगळं ऐकून घेई आणि पेन्सिल धरून थांबे. तिच्यात हट्टाचा काही आवेश नव्हता. भात शिजायचा, कुकर निवायचा, पान कोरंच. शेवटी मंगलने उत्तर सांगितलं, आणि नंदूने मान हलवून पुस्तकातली रीत लिहायला घेतली, हातचे वर, उसने बाजूला, एकक दशकांच्या उभ्या रांगा सरळ. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मंगलने समजावणं सोडून दिलं. आठवड्यात वहीत आठ आले, मग नऊ, मग दहा आणि एक चांदणी. "छान सुधारणा!" रविराजने फोनवर चांदणीचा फोटो मागवून घेतला.

आणि एक गोष्ट अशी झाली, जी मंगल कुणाला सांगू शकली नसती. तिला त्या संध्याकाळी आवडायला लागल्या. नंदू गणित वाचायची, आणि मंगलच्या हातात लाटणं असताना, उतू जाणाऱ्या दुधाकडे लक्ष असताना, आकडा वर यायचा. एकशे ऐंशी. दोन हजार चारशे. सहा वर्षं दाबून ठेवलेलं ते परत यायला लागलं, आधी बिचकत, मग सरळ, आणि प्रत्येक वेळी नंदू बाकी काही न बोलता ते लिहून घ्यायची. बरोबर यायचं सगळं. रोज बरोबर. भाजी फोडणीला टाकताना मंगल एकदा गुणगुणलीसुद्धा. मग तो सोळाही बरोबरच असला पाहिजे, असं तिच्या मनाने एक दिवस हळूच म्हणून बघितलं, आणि तिने मनाला गप्प केलं नाही. कारखान्यात त्या आठवड्यात तिने खोकी मोजताना मोबाईल काढला नाही. लेकीच्या ताटातलं आपण खातोय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण भूक फार दिवसांची होती.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. शेजारच्यांच्या टीव्हीवर मालिका लागलेली, खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरचं शेवटचं ऊन जात होतं. एका शाळेत सतरा वर्ग आहेत, प्रत्येक वर्गात अडतीस मुले, तर एकूण मुले किती? मंगल तांदूळ निवडत होती. "सहाशे छप्पन्न," तिने ताटातून मान वर न काढता सांगितलं. नंदूने लिहून घेतलं. राहिलेली गणितं झाली, वही सहीसाठी समोर आली, कारण आता रोज पालकांची सही लागायची. मंगलने पेन टेकवला आणि ती थांबली. पानावरची रीत सुरेख होती. सात आठे छप्पन्न, हातचे पाच. सात त्रिक एकवीस आणि पाच सव्वीस. दोनशे सहासष्ट. खाली तीनशे ऐंशी. दोन्ही बरोबर. बेरजेत एककाला सहा, तेही बरोबर. मग सहा आणि आठ चौदा, तिथे चार हवा होता. तिथे पाच होता. सहाशे छप्पन्न. आणि त्या पाचाच्या खाली, नीट बघितलं तर, खोडलेल्या चाराची पुसट रेघ राहिली होती.

तिने मनात उलटं करून बघितलं. सतरा चाळीस सहाशे ऐंशी, त्यातून चौतीस गेले, सहाशे शेहेचाळीस. उसना घेतलेला दहा ती परत करायला विसरली होती. आकडा आतून आला होता, नेहमीसारखाच आला होता, तितकाच स्वच्छ, तितक्याच खात्रीचा, आणि तो चूक होता. चुकीचा आकडा येताना वेगळा लागत नाही. हे तिला सहा वर्षांत माहीत नव्हतं की माहीत करून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. ताटातले तांदूळ तिने बाजूला सारले.

"नंदू," ती म्हणाली, "इथं आधी चार लिहिला होतास."

"हो."

"मग खोडलास का?"

"तू छप्पन्न म्हणालीस ना."

"मी चुकले गं. शेहेचाळीस पाहिजे. तुला कळलं होतं ना? मग सांगायचं नाहीस का मला?"

नंदू पेन्सिलीला टोक काढत होती, सालपट न तुटता किती लांब निघतं ते बघत.

"नंदू, माझ्याकडे बघ. मी सांगायच्या आधी तुझ्या डोक्यात काय आलं होतं? पहिल्यांदा?"

नंदूने टोक काढणं थांबवलं. ती खरंच आठवायला लागली, डोळे बारीक करून, आणि आठवताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघायला मंगलला धीर होईना. "काही नाही," ती शेवटी म्हणाली. "तिथं आता तूच बोलतेस."

शेजारी मालिकेतलं कुणीतरी मोठमोठ्याने रडत होतं. मंगलने खोडरबर उचलला. पाच खोडला, कागद फाटू नये म्हणून हलक्या हाताने, फुंकर मारून कचरा उडवला आणि त्या जागी चार लिहिला. "हे बघ," ती म्हणाली. "हे बरोबर आहे. सहाशे शेहेचाळीस. तुझंच बरोबर होतं बाळा, पहिल्यापासून तुझंच बरोबर होतं."

नंदूने वही आपल्याकडे ओढली आणि नवा चार नीट बघितला.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतेस तर चार."